कोयनानगरचं मुसलमानी हॉटेल

आमच्या घरात एक गोष्ट पन्नास वर्षांहून जास्त काळ सांगितली जाते. कोयना धरणाचं काम चालू होतं, तेव्हा माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, तिथल्या एका हॉटेलात भटारी होते. मालक कोकणातला मुसलमान. दादा देशावरचे, जातीने मुलाणी. गोष्टीचं तात्पर्य असं की, त्या हॉटेलात मराठा, वडार, महार, मुसलमान, सगळे एका बाकावर बसून एकाच कढईतलं खात. मी ही गोष्ट कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आणि बक्षीस मिळवलं. पुढे दोन-तीन लेखांतही वापरली. यंदा पावसाळ्याच्या आधी कोयनानगरला जाऊन आलो आणि आता ती दुरुस्त करणं भाग आहे.

आधी ‘हॉटेल’ या शब्दाबद्दल. मराठीत हॉटेल म्हणजे राहायची जागा नव्हे. चहा, भजी, शेव, चार बाकडी, एक गल्ला, की झालं हॉटेल. पोटभर जेवायचं तर खानावळ. जुन्या पाट्यांवर या दोन्ही शब्दांच्या मागे विशेषण असायचंच: ब्राह्मणी खानावळ, मराठा खानावळ, हिंदू हॉटेल, मुसलमानी हॉटेल. आत काय शिजतं हे त्या पाटीवरून कळायचं. शिजवणारा कोण आणि शेजारी कोण बसणार, हेही कळायचं. रेल्वे स्टेशनवर पाणीसुद्धा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असं ओरडून दिलं जाई. बाहेर खाणं ही चैन आहे, असं आपण आज समजतो. शंभर वर्षांपूर्वी ती जोखीम होती.

पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण बहुतेकांना माहीत असतं. १८९० साली मिशनऱ्यांनी पुण्यातल्या काही प्रतिष्ठितांना बोलावलं आणि समोर चहा-बिस्किटं ठेवली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही तिथे होते. नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभं राहिलं. शेवटी प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एक कप चहा! साताऱ्याच्या दक्षिणेला कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच चहाचा उलटा उपयोग केला. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आपला लवाजमा त्या हॉटेलासमोर थांबवला आणि तिथला चहा स्वतः घेतला, बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजला. सहभोजनावर हजार भाषणं झाली असतील, पण राजाने अस्पृश्याच्या हॉटेलात बसून बशी तोंडाला लावणं ही वेगळीच गोष्ट होती.

मुसलमानाच्या हातचं खाण्याचा प्रश्न यापेक्षा थोडा चमत्कारिक आहे. त्यातलं सगळ्यात चमत्कारिक पात्र म्हणजे मुलाणी, म्हणजे आम्हीच. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावगाड्यात बकरं कापणं हे मुलाण्याचं काम. जत्रेत, देवाच्या नावाचं बकरं असलं तरी, मानेवर सुरी फिरवायला मुलाणी हवा. त्याने बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय कित्येक मराठा घरांत मटण शिजत नसे. त्या बदल्यात त्याला वाटा मिळे, सुगीला धान्य मिळे. म्हणजे बकऱ्याच्या गळ्यावर फिरलेला माझ्या पणजोबांचा हात चालायचा. पण त्याच हाताने भरून दिलेला पाण्याचा तांब्या? तो काही घरांत चालायचा, काही घरांत नाही, आणि कुठे चालतो, कुठे नाही, हे मुलाण्याच्या पोराला पाच वर्षांचा असतानाच पाठ असायचं. कुणी शिकवावं लागत नसे.

इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात याचा सातशे वर्षांपूर्वीचा नमुना सापडतो. १३४२ साली दिल्लीहून निघालेला हा मोरोक्कोचा माणूस दौलताबाद, नंदुरबार करत पुढे मलबारला गेला. मलबारच्या वाटेवर ठरावीक अंतरावर लाकडी धर्मशाळा होत्या. प्रत्येकीत विहीर, बसायला ओटा आणि पाणी द्यायला एक माणूस. हिंदू वाटसरूला तो भांड्यातून पाणी देई आणि मुसलमानाच्या ओंजळीत वरून ओती. मुसलमान भांड्यात जेवला, तर ते भांडं फोडून टाकत किंवा त्यालाच देऊन टाकत. जिथे मुसलमानांची वस्तीच नसे, तिथे मात्र लोक त्याच्यासाठी रांधत आणि केळीच्या पानावर वाढत. नकार आणि पाहुणचार एकाच पानावर. इब्न बतूताने हे फारशी तक्रार न करता नोंदवलं आहे.

दहा वर्षांनी हाच माणूस सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेत मालीच्या राज्यात गेला. तिथे वाटेवर जेवणाची शिदोरी न्यावी लागत नाही, असं तो सांगतो. मिठाचे तुकडे आणि काचेचे मणी जवळ ठेवायचे. गाव आलं की बायका दूध, कोंबड्या, तांदूळ, चवळीचं पीठ घेऊन येतात, हवं ते घ्यायचं. कोण तू, कुणाचा, असा प्रश्न नाही. तिथे त्याची तक्रार वेगळीच होती. राजधानीत कसल्याशा कंदाची लापशी खाऊन तो आणि त्याचे सोबती आजारी पडले आणि त्यांच्यातला एक मेलाही. पुढे सुलतानाकडून भेट आली म्हणून तो उठून उभा राहिला, तर समोर तीन भाकऱ्या, तुपासारख्या कशात तरी परतलेला गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात दही! एवढ्यासाठी एवढा थाट, म्हणून त्याला हसू फुटलं. बाहेर जेवल्यावर कुरकुर करायची तर अशी करावी, पदार्थाबद्दल. ओंजळीत पाणी ओतून घेणाऱ्याला तेवढीही मोकळीक नसते.

तर कोयना. कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरतो, त्याच रस्त्यावर हे गाव वसलं. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचं पाणी अडवायचं, बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात न्यायचं आणि पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरवायचं, अशी ती योजना. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं, १९६२ला वीज निघाली, आणि १०३ मीटर उंचीचं धरण त्याच दशकात पुरं झालं. शिवसागरात शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठतं. त्याच्याखाली गेलेल्या गावांची माणसं आजही पुनर्वसनासाठी कोयनानगरात ठिय्या देतात. तो विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही, पण या लेखातल्या प्रत्येक कपाच्या तळाशी ते पाणी आहे, हे विसरू नये.

आम्हाला कोयनेचं अप्रूप वेगळ्या कारणाने. गावाला गावकूस असतं, वेस असते, महारवाडा असतो. धरणाच्या कामावरच्या वसाहतीला यातलं काहीच नव्हतं. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेचं पंधरावं कलम लागू झालं होतं. दुकान, हॉटेल, सार्वजनिक उपाहारगृह यांत धर्म किंवा जातीवरून कुणाला अटकाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख कशाला, असं एखाद्याला वाटेल. ज्याला हॉटेलच्या बाहेर उभं राहून करवंटीत चहा घ्यावा लागला, त्याला तसं वाटत नाही. १९५५ला अस्पृश्यता गुन्हे कायदा आला आणि हॉटेलात भेदभाव करणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला. कोयनेच्या कामावरची हॉटेलं या कायद्यानंतरची. जुनी सवय लागायलाही जागा नवी होती, असं निदान मी समजत होतो.

दादांच्या सांगण्यात ते हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि मागे भटारखाना. सकाळी चहा-पाव, भजी, दुपारी दालचा-भात, पगाराच्या आठवड्यात मटण आणि खिमा. मालक कोकणचा असल्याने त्याला तांदळाची भाकरी आणि नारळाचं वाटण हवं असे. दादांना ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरी भाकरी ही भाकरीच वाटत नसे. कोकणी मुसलमान घरात मराठी बोलतो, देशावरचा दखनी. दादा म्हणायचे, “वो मराठी में गाली देता था, मैं दखनी में.” कुंभार्ली घाट हा इथल्या मुसलमानांमधला घाट आहे, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दोन घरांमध्ये सोयरिकी क्वचितच होत. पण धरणावर दोघांनी एका चुलीवर रांधलं.

मटणाच्या दिवशी मालक सोललेलं बकरं मुद्दाम दर्शनी टांगायचा, मुंडी दिसेल असं. मुसलमानाच्या हॉटेलात ‘बड्याचं’ मिसळतात, ही शंका तेव्हाही होती. तिला उत्तर म्हणजे ती मुंडी. आज ‘येथे फक्त बकऱ्याचे मटण मिळेल’ अशा पाट्या मी पाहतो, तेव्हा मला ती टांगलेली मुंडी आठवते. जी मी कधीच पाहिलेली नाही.

रमजानात दिवसा हॉटेलच्या दाराला अर्धा पडदा लागे. गिऱ्हाईक आत जेवे. दादा रोज्याने असत, मीठ चाखायला वडार गड्याला बोलवत. रात्री मात्र सहेरीसाठी चूल पेटायची, कामावरचे मुसलमान जेवायला यायचे.

इथून गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. दादा सांगायचे, भूकंप सहेरीच्या वक्ताला झाला, म्हणून मी वाचलो. मला हे नेहमी जरा जास्तच जुळवून आणलेलं वाटे. आपल्या समाजात कुठल्याही आपत्तीला असा एक किस्सा चिकटतोच. म्हणून मी कॅलेंडर काढून बसलो. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. हिजरी सन १३८७. त्या वर्षीचा रमजान डिसेंबरच्या तीन-चार तारखेला लागला. म्हणजे ती पहाट आठव्या किंवा नवव्या रोज्याची, चंद्र कुठल्या दिवशी दिसला त्यावर ते अवलंबून. डिसेंबरात फजरला साधारण सव्वा तास अवकाश असताना भटारी झोपलेला असणं शक्यच नाही. दादा खरं बोलत होते.

साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो धक्का. मृतांचा आकडा पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान सांगितला जातो. कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या भिंतीलाही तडे गेले, जे पुढे बुजवून भिंत मजबूत करावी लागली. वीजगृह बंद पडलं आणि मुंबईतले कारखाने थांबले, तेव्हा मुंबईला कळलं की आपला दिवा कुठून पेटतो. साठवलेल्या पाण्यानेच भूकंप होतात का, हा वाद जगभर या धक्क्यानंतर पेटला. शास्त्रज्ञ कोयनेच्या जमिनीत अजूनही भोकं पाडून शोध घेत आहेत.

माणसं मेली ती मुख्यतः दगडाखाली. मातीत बसवलेल्या दगडी भिंती बाहेरच्या बाजूला फुगून कोसळल्या. कुडाचं आणि पत्र्याचं हलकं बांधकाम बहुतेक ठिकाणी डोलून उभं राहिलं. पैशाअभावी कुडाचं राहिलेलं हॉटेल त्यामुळेच वाचलं. दादांच्या अंगावर दालच्याचं पातेलं कलंडलं, डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग त्यांना शेवटपर्यंत होता. त्या दिवशी त्यांनी रोजा सोडला की ठेवला, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढचे चार दिवस, जे होतं ते सगळं शिजवून वाटलं, एवढंच सांगायचे. मीठ संपलं, तेव्हा बिनमिठाचं. कुणी कुणाला कुणाच्या हातचं आहे, म्हणून विचारलं नाही.

आमच्या घरातली गोष्ट इथे संपते.

यंदा हेळवाकच्या पलीकडच्या एका वाडीत मला एक आजोबा भेटले. पंच्याऐंशीच्या पुढचे. धरणावर खडी वाहिलेले. बौद्ध. माझं नाव-गाव ऐकून त्यांनी लगेच ओळख काढली, “म्हंजे तू त्या मुलाण्याचा नातू! लई ग्वाड माणूस. खिमा तर असा करायचा…” मी खूश. वही काढली. मग माझ्या मनात होतं तेच मी त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला गेलो: “तुमच्या हॉटेलात तेव्हा सगळे एकत्र बसायचे ना?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बसायचं की. बाकावर बसायचं. पर आमचा कप येगळा व्हता. मागल्या दाराला खिळा व्हता, त्याला कान तुटलेला कप टांगलेला असायचा. आपला आपण घ्यायचा, धुवायचा नि परत टांगायचा.” आणि माझा चेहरा पाहून पुढे, “तुझा आजा काय करणार? मालकानं न्हाई ठेवला, तर मराठ्याचं गिऱ्हाईक तुटायचं.”

मी विचारलं, भूकंपानंतर? “त्या चार दिसांत कसला कप नि कसलं काय. पुना बाजार बसला, तसा पुना खिळा.”

मला हे नवीन असायला नको होतं. १९३४ साली डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दाराशी पाण्याचं टाकं होतं, त्यात त्यांनी हात-पाय धुतले. त्यावरून तिथल्या मुसलमानांनी जो गोंधळ घातला, तो त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला आहे. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्य असतो, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. हे मी वाचलं होतं, त्यावर बोललोही होतो. इस्लाममध्ये जात नाही, हे वाक्य मात्र आपल्या जिभेवर इतकं गुळगुळीत झालेलं असतं की, त्याच्या खालचा खिळा दिसत नाही. आमच्या दादीला पिंजाऱ्यांच्या घरी पाणी चालत नसे. तिच्या लेखी ती जात नव्हती, ‘साफसफाई’ होती. हेच कारण पुण्याच्या सनातन्यांनीही दिलं असतं.

मालकाचा धंदा, गिऱ्हाईक तुटण्याची भीती, हे सगळं समजतं. मुसलमानाच्या हॉटेलात मराठा येऊन बसतोय, हेच मुळात अवघड. तो टिकवायचा तर त्याच्या मनासारखं वागायचं. आपल्याला ओंजळीत पाणी घालणाऱ्याची मर्जी राखायला आपण तिसऱ्याच्या हातात फुटका कप दिला. पण कायदा १९५५चा होता, आणि तो त्या मालकालाही लागू होता. त्या भटाऱ्यालाही.

आता उलट दिशेने येऊ. मार्च २०२५मध्ये राज्याच्या एका मंत्र्याने ‘मल्हार सर्टिफिकेट’ जाहीर केलं: हिंदूंनी हिंदूच्या दुकानातूनच झटका मटण घ्यावं म्हणून. त्याआधी जुलै २०२४मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या ढाब्यांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. काय पदार्थ आहे, ते पाटीवर लिहा, नाव लिहायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा अर्थ. मल्हारचं नाव निघालं, तेव्हा माझ्या एका चुलत्याला, जो अजून गावात जत्रेची बकरी कापतो, मी फोन केला. तो म्हणाला, “सर्टिफिकेट कशाला? यंदाबी बोलावणं आलंय.” त्याला अजून काळजी वाटत नाही. मला वाटते. खिळा ठोकायला फार वेळ लागत नाही, हे मी आता ऐकून आलो आहे. मात्र या लढ्यात आपण फक्त मार खाणारे होतो, अशी बाजू घेऊन मला उभं राहता येणार नाही. माझ्या वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षिसाची ढाल अजून घरात आहे.

परतताना कोयनानगरच्या स्टँडजवळ जेवलो. पर्यटक ओझर्ड्याचा धबधबा आणि नेहरू उद्यान पाहून येतात, म्हणून आता तिथे मालवणी थाळी, चायनीज, सगळं मिळतं. कप सगळे एकसारखे, कागदाचे, वापरून टाकायचे. जुन्या हॉटेलची जागा कुठे होती, हे कुणालाच सांगता आलं नाही.

घरी आल्यावर वडिलांना विचारलं. भूकंपाच्या वेळी ते बारा वर्षांचे होते, सुट्टीत दादांकडे जाऊन राहायचे. कप धुवायला मदत करायचे, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. मी आजोबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“हौ,” ते म्हणाले. “खिला था. मैं वो कप नै धोता था. वो लोगां खुद धोते थे.”

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या आजोबांचा नंबर घेतलास का? मी दिला. अजून त्यांनी फोन केलेला नाही.